तळ गाठण्याचा हिशेब

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांत एक मत आता सिद्धान्तासारखे मिरवते: मधल्यामध्ये लटकण्यापेक्षा संघाने सरळ तळ गाठावा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक मिळवावा आणि तिथे निवडलेल्या पोरावर नवा संघ उभारावा. खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. चांगले खेळाडू विकून हरण्याची सोय व्यवस्थापनच करते. पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. १९९७ मध्ये टिम डंकन आला आणि सॅन अँटोनिओचे नशीब पालटले.

पण त्याच वर्षी ८२ पैकी अवघे १५ सामने जिंकून बॉस्टन डंकनसाठी डोळे लावून बसला होता. संधीही त्याचीच सर्वाधिक होती. पण निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत हाती आले ते तिसरा आणि सहावा क्रमांक. सॅन अँटोनिओ घसरला होता तो डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाल्यामुळे. तो परतला आणि डंकनला तयार घर मिळाले.

२०१९ पासून तर तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १४ टक्के. सर्वांत शेवटच्या संघाच्या वाट्याला पाचवा क्रमांक येण्याची शक्यता मात्र जवळपास ४८ टक्के! डेट्रॉइटला २०२३ आणि २०२४ मध्ये, युटाला २०२५ मध्ये नेमके तेच मिळाले. २०२५ चा पहिला क्रमांक १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसने नेला.

फिलाडेल्फियाने हा प्रयोग सर्वांत निष्ठेने केला. सरव्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या काळात तीन हंगामांत १९, १८ आणि १० विजय. एम्बीड मिळाला, पुढे २०२३ चा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. पण तिसऱ्या क्रमांकाचा ओकाफोर आणि पहिल्या क्रमांकाचा फुल्ट्झ लवकरच दुसरीकडे गेले. २०१८ ते २०२४ सलग सात वर्षे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, गाठूनही संघाने दुसरी फेरी एकदाही ओलांडली नाही. दरम्यान पंधराव्या क्रमांकाच्या यानिसने मिलवॉकीला आणि एक्केचाळिसाव्या क्रमांकाच्या योकिचने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.

इथे ओक्लाहोमा सिटीचे नाव हमखास पुढे येते. त्यांचा होम्ग्रेन हा खेळाडू हरूनच मिळाला, हे मान्य. पण २०२५ च्या विजेतेपदाचा कणा असलेला शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात आला आणि जेलन विल्यम्सला निवडण्याचा बारावा क्रमांकही त्याच सौद्यातला. हे फळ हरण्याचे नव्हे, किंमत वसूल करण्याचे.

नुसता वरचा क्रमांक मिळूनही भागत नाही. केड कनिंगहॅम हा २०२१ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू संघात असूनही डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये १४ च सामने जिंकले. सलग २८ हरले. पुढच्या हंगामात नवा प्रशिक्षक आला, टोबायस हॅरिस, मलिक बीझली यांच्यासारखे अनुभवी गडी घेतले, आणि तोच कनिंगहॅम ४४ विजय मिळवणाऱ्या संघाचा म्होरक्या झाला.