रक्तदाबाच्या आकड्याला अर्थ कसा आला

वाहते रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो जोर टाकते, तो म्हणजे रक्तदाब; आणि तो प्रथम मोजला तो कोणा वैद्याने नव्हे, तर इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील धर्मोपदेशकाने. स्टीफन हेल्स याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील वर्णनानुसार, जिवंत घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली गेली, तिला नऊ फुटी काचनळी जोडली गेली आणि धमनीवरचा बंध सोडताच रक्त हृदयाच्या पातळीच्या वर आठ फूट तीन इंचांपर्यंत चढून नाडीच्या ठोक्यागणिक वरखाली होत राहिले. माणसावर असा प्रयोग करणे अर्थातच अशक्य होते. फ्रान्समध्ये प्वाझय याने १८२८ मध्ये रक्तापेक्षा सुमारे तेरापट जड असा पारा वापरून नळीची उंची आटोक्यात आणली, तरी धमनी उघडावी लागे ती लागेच. मात्र दाब ‘मिलिमीटर पारा’ या एककात सांगण्याची रीत तेव्हापासून रुळली.

इटलीतील शिपिओने रीवा-रोच्ची याने १८९६ मध्ये ही अडचण दूर केली. दंडाभोवती रबरी पट्टा बांधायचा, त्यात हवा भरायची आणि मनगटावरची नाडी बोटांना लागेनाशी होईल त्या क्षणी पारा किती उंचीवर आहे ते पाहायचे, अशी ही साधी युक्ती होती; पण तिने हृदय आकुंचन पावतानाचा, म्हणजे वरचा, दाबच तेवढा कळे. सेंट पीटर्सबर्गचा शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह याने १९०५ मध्ये पट्ट्याच्या खाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला. पारा उतरत असता ठोके जिथे ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा आणि जिथे ते लोपतात तो हृदय सैलावतानाचा खालचा आकडा, ही त्याची पद्धत पानभर मजकुरातही सहज मावण्याजोगी होती.

मोजमाप हाती आले, तरी त्याचे महत्त्व वैद्यकाच्या आधी ओळखले ते अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांनी, आणि त्यात नवल नाही, कारण लवकर दगावणाऱ्या विमेदाराचा भुर्दंड त्यांच्याच तिजोरीवर पडे. डॉक्टरांपैकी अनेकांची समजूत मात्र दीर्घकाळ अशी होती, की कठीण झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढीव दाब आवश्यकच असतो. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १८६/१०८ भरला होता. वर्षभरानंतर, १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला; दाब खात्रीने उतरवणारे औषध त्या काळी डॉक्टरांच्या हाती जवळजवळ नव्हतेच. रक्तदाब वाढला तरी माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही, ही या विकाराची खरी खोच १९४८ पासून अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी चाललेल्या प्रदीर्घ पाहणीतून हळूहळू स्पष्ट झाली.

औषधाच्या शोधात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडला, आणि १९५२ मध्ये स्विस रसायनज्ञांनी त्याच मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांची चाचणी प्रसिद्ध झाली; निष्प्रभ गोळी घेणाऱ्या ७० जणांत गंभीर आघात २७ वेळा झाले, तर रेसर्पिनसह तीन औषधे घेणाऱ्या ७३ जणांत अवघे दोन.