राणी, कलेक्टर आणि नाथानाची मेंढी



हुबळीत कोप्पीकर रोडवरची खरेदी आटोपून थोडे पुढे आले की चन्नम्मा सर्कल लागते. घोड्यावर बसलेली, हाती तलवार घेतलेली राणी आपण येता-जाता पाहतो. तिच्याविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक असते. ते कुठून कळले असे कोणी विचारले तर मात्र आपण अडखळतो.

इतिहास सांगतो तो असा. 1824 च्या सप्टेंबरात कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र निपुत्रिक वारले. त्यांचा दत्तक धारवाडचे कलेक्टर सेंट जॉन थॅकरे यांनी मानला नाही. 23 ऑक्टोबरला किल्ल्यापाशी लढाई झाली आणि थॅकरे मारले गेले. डिसेंबरात मोठी फौज आली, किल्ला पडला. राणी बैलहोंगलच्या कैदेत 1829 साली वारली.

पण भाषणांत सर्रास ऐकू येते की राणीने डलहौसीच्या धोरणाविरुद्ध शस्त्र उचलले. डलहौसी गव्हर्नर जनरल झाला 1848 साली! राणीच्या तोंडचे जे संवाद शाळेतली मुले आवेशाने म्हणतात, त्यांत 1961 च्या कन्नड चित्रपटातल्या बी. सरोजादेवींचा आवाज अधिक आहे. नंदगडला तिचा शूर साथी संगोळ्ळी रायण्णा 1831 मध्ये फाशी गेला. तिथल्या वडाला लोक मुलासाठी पाळणे बांधतात. याला आम्ही खोटे म्हणणार नाही. ते लोकांचे प्रेम आहे, फक्त तो इतिहास नव्हे.

गंमत अशी की या थॅकरेसाहेबांचा पुतण्या म्हणजे कादंबरीकार विल्यम थॅकरे. त्याने 1852 मध्ये ‘हेन्री एस्मंड’ लिहिली: माणसे काही खरी, काही रचलेली. वाचकाला ती कादंबरी आहे हे ठाऊक होते, म्हणून फसवणूक झाली नाही.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजाला ती घडलेलीच वाटली, तो संतापला. नाथानाने त्याला त्या समजुतीत ठेवले नाही. तो माणूस तूच, हे तिथल्या तिथे सांगून टाकले. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच थियफिलाला कळवतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेले सारे त्याने नीट शोधून लिहिले आहे.

आणि आपण? उपासनेत साक्ष देताना कुणाच्या तरी मोबाइलवर आलेला, ना गाव ना नाव असा चमत्कार आपण घडला म्हणून सांगतो. ऐकणाऱ्यांत आजारी माणसे असतात, ती त्यावर आशा बांधतात. पुढे कळते की तसे काही झालेच नव्हते. मग प्रभूने खरोखर केलेल्या कृत्याची साक्षही त्यांना संशयाची वाटू लागते. म्हणून ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’ आणि ‘ही रचलेली गोष्ट आहे’ हे तीन शब्दप्रयोग साक्ष देणाऱ्याने जपून वापरावेत, असे आम्हांला वाटते.

संडे स्कूलच्या मुलांनी चन्नम्माची नाटुकली बसवली तर संवाद खुशाल सिनेमासारखे ठेवावेत. डलहौसीला मात्र रंगमंचावर आणू नये.