साभार परत न आलेला निबंध

उमेदीच्या दिवसांत एखाद्या संपादकाकडे लिखाण पाठवून तें ‘साभार परत’ या दोन शब्दांसह घरीं आलेलें ज्यानें पाहिलें नाहीं, असा गृहस्थ मासिकांच्या वाचकांत विरळाच सांपडेल. त्या दोन शब्दांवर आजवर पुष्कळ विनोद झाले आहेत, आणि संपादकांना शिव्याशापही कांहीं थोडे मिळालेले नाहींत. परंतु त्यांतील ‘परत’ हा शब्द किती मोलाचा आहे याची जाणीव फारशी कोणास नसते. ‘साभार’ हा शिष्टाचार झाला. ‘परत’ हा न्याय आहे. लिखाण परत आलें म्हणजे लेखक मोकळा झाला. तो तें दुसऱ्या दारीं नेऊं शकतो, सुधारूं शकतो, अगदींच कांहीं नाहीं तर पेटींत जपून ठेवूं शकतो. आलेला निबंध छापावयाचा नाहीं आणि परतही द्यावयाचा नाहीं, असा प्रकार एका थोर विद्वत्सभेच्या हातून घडला. त्याची हकीकत येथें देत आहों. तिचा आरंभ आपल्या मुंबईंत होतो.

जॉन जेम्स वॉटरस्टन हा एडिंबरो येथील राहणारा. जन्म १८११ सालचा. बापाचा धंदा मोहरेच्या लाखेचा व लेखनसाहित्याचा. मुलानें इंजिनिअरांच्या हाताखालीं उमेदवारी केली आणि ती करतां करतां तेथील विश्वविद्यालयांत सर जॉन लेस्ली याच्या व्याख्यानांस जाऊन गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. पुढें लंडनास रेल्वेच्या मोजणीचें काम करून तो आरमारी नकाशांच्या कचेरींत लागला. तेथील मुख्य कॅप्टन बोफर्ट. वाऱ्याचा जोर मोजण्याची पायरी आजही ज्याच्या नांवानें चालते तोच हा. बोफर्टच्या शिफारशीवरून १८३९ सालीं वॉटरस्टनला कंपनीच्या आरमारांतील उमेदवार पोरांच्या शिक्षकाची जागा मिळाली, व तो मुंबईस आला. पगार बरा होता आणि फुरसतही होती. या फुरसतीसाठींच त्यानें ती नोकरी पत्करली असें दिसतें.

त्या वेळची मुंबई विद्येच्या दृष्टीनें ओसाड नव्हती. एल्फिन्स्टन विद्यालयांत बाळशास्त्री जांभेकर शिकवीत होते. १८४० सालीं त्यांनीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढलें, आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें नियतकालिकही पुढच्याच वर्षीं सुरू झालें. तथापि पदार्थविज्ञानाच्या वादांचा निकाल लागे तो लंडनास, आणि लंडनास पत्र पोंचण्यास सुएझच्या वाटेनेंही महिना-दीड महिना लागे. या अंतराचा आमच्या गोष्टीशीं पुढें संबंध येतो.

वॉटरस्टनच्या डोक्यांत जो प्रश्न घोळत होता तो वरवर अगदीं साधा आहे. बंद डब्यांतील हवा डब्याच्या भिंतींस दाबते ती कां? उष्णता हा एक वजन नसलेला सूक्ष्म द्रव आहे, अशी त्या काळीं पुष्कळ विद्वानांची समजूत होती. वॉटरस्टननें तो द्रव सोडून दिला. त्याच्या मतें हवा म्हणजे अगणित कणांचा समुदाय. हे कण पूर्णपणें स्थितिस्थापक असून ते सर्व दिशांनीं अखंड धांवत असतात, एकमेकांवर आदळतात आणि पुन्हां उसळतात. भिंतीवर होणारा त्यांचा मारा म्हणजे दाब, आणि त्यांच्या धांवण्याचा जोर म्हणजेच उष्णता. येथवर नुसती कल्पना झाली. पण तो गणितांत शिरला. दोन निराळे वायु एकाच उष्णमानावर असले तर कणाचें वस्तुमान व त्याच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार दोहोंकडे सरासरीनें सारखाच भरतो. अर्थात् हलके कण वेगानें धांवतात व जड कण सावकाश, असें त्यानें काढलें. आज हा सिद्धान्त महाविद्यालयांतील पोरांच्या तोंडीं असतो. त्या वेळीं तो दुसऱ्या कोणींही मांडलेला नव्हता. निबंधांत दोष नव्हते असें नाहीं. एके ठिकाणीं वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचें प्रमाण काढतांना त्याची आंकडेमोडही चुकली आहे. पण जाणत्यानें दाखवून दिली असती तर ती चूक एका दिवसांत दुरुस्त झाली असती.

हा निबंध त्यानें बोफर्टच्या द्वारें रॉयल सोसायटीकडे पाठविला. तो ११ डिसेंबर १८४५ रोजीं दाखल झाला व ५ मार्च १८४६ रोजीं सभेंत वाचला गेला.

रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाची कुळकथा येथें थोडी सांगितली पाहिजे. ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हें १६६५ च्या मार्चमध्यें सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यानें स्वतःच्या हिमतीवर काढलें. शोधाची बातमी तारखेनिशीं छापली गेली म्हणजे त्याचें श्रेय दुसरा कोणी पळवूं शकत नाहीं, आणि मग विद्वान् लोक आपलें ज्ञान कुलपांत न ठेवतां मोकळ्या मनानें बाहेर काढतात, हा अशा पत्राचा केवढा तरी लाभ होता. पुढें १७५२ सालीं सोसायटीनें तें आपल्या ताब्यांत घेतलें व निबंध निवडण्यास एक समिति नेमली. मात्र निबंधांतील विधानांची जबाबदारी लेखकाची, आमची नव्हे, असा इशाराही छापून टाकला. १८३१ सालीं ह्यूएल यानें अशी सूचना आणली कीं, प्रत्येक महत्त्वाच्या निबंधावर दोघां जाणत्यांचा लेखी अभिप्राय घ्यावा व तो प्रसिद्धही करावा. पहिला प्रयोग एअरी या ज्योतिषाच्या निबंधावर झाला. परीक्षक होते खुद्द ह्यूएल आणि जॉन लबक. पहिल्याच खेपेस दोघांचें जमेना! ह्यूएलला निबंधाची थोरवी सांगावयाची होती, लबकला त्यांतील उणिवा दाखवावयाच्या होत्या. कसाबसा एक जोड अभिप्राय तयार झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत अभिप्राय छापण्याची चाल मागें पडली आणि ते गुप्त राहूं लागले. जी गोष्ट लोकांपुढें व्हावयाची होती ती बंद दाराआड गेली.

वॉटरस्टनचा निबंध आला तेव्हां ही गुप्ततेची रीत चांगली रुळलेली होती. एक परीक्षक ऑक्सफर्डचा भूमितीचा अध्यापक बेडन पॉवेल, म्हणजे बालवीर चळवळीच्या प्रसिद्ध संस्थापकाचा पिता. मूळ गृहीतच प्रमाणसिद्ध नाहीं, त्यावर गणिताची इमारत उभी राहत नाहीं, असा त्याचा आक्षेप होता. त्याला तसें वाटणें समजण्यासारखें आहे. दुसरा परीक्षक तोच लबक, आतां सर जॉन लबक. हा पेढीवाला असून चांगला गणिती होता; भरती-ओहोटीवर त्यानें मेहनतीनें काम केलें होतें. त्यानें निकाल दिला कीं, हा निबंध म्हणजे निव्वळ वेडगळपणा असून सभेपुढें वाचण्याच्याही लायकीचा नाहीं. आपल्या सहीनें हें मत चारचौघांत छापलें जाणार आहे असें ठाऊक असतें, तर त्यानें तें अशा शब्दांत लिहिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

निबंध छापला गेला नाहीं. त्याचा केवळ लहानसा सारांश सोसायटीच्या कार्यवृत्तांत आला. येथवर जें झालें तो मतिभ्रंश म्हणतां येईल, आणि मतिभ्रंश कोणास होत नाहीं? खरा अन्याय पुढें आहे. सभेंत वाचला गेलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होतो, असा नियम होता. वॉटरस्टननें स्वतःजवळ नक्कल ठेवलेली नव्हती. तो मुंबईस, निबंध लंडनच्या दप्तरखान्यांत! परीक्षकांनीं वेडगळ ठरविलेली वस्तु सोसायटीनें मात्र ठेव्यासारखी सांभाळून ठेवली. लेखकाला ती दुसरीकडे छापतां येईना, सुधारतां येईना, पुन्हां नुसती पाहतांही येईना.

याच सोसायटीच्या दारांत पंचवीस वर्षांपूर्वीं जॉन हेरापाथ नांवाच्या दुसऱ्या एका गृहस्थाची गांठ अशाच नकाराशीं पडली होती. त्याचा विषयही वायूंच्या कणांचाच होता आणि त्याचें गणित वॉटरस्टनच्या मानानें कच्चें होतें. पण त्यानें आपला निबंध काढून घेतला व १८२१ सालीं ‘ॲनल्स ऑफ फिलॉसॉफी’ या मासिकांत छापला. त्याचा परिणाम असा झाला कीं, पुढें जूलनें त्याचा आधार घेऊन हायड्रोजनच्या कणांचा वेग मोजला, आणि मॅक्सवेलनेंही आपल्या १८६० च्या प्रसिद्ध निबंधांत हेरापाथचें नांव घेतलें. नकार दोघांनाही मिळाला. एकाचे कागद त्याच्या हातांत राहिले होते, दुसऱ्याचे नव्हते.

वॉटरस्टननें आपल्या सिद्धान्ताचा त्रोटक उल्लेख १८५१ सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या सभेपुढें केला. कोणीं लक्ष दिलें नाहीं. १८५७ सालीं तो नोकरी सोडून स्कॉटलंडास परतला. त्याच सालीं क्लॉसियसनें जर्मन भाषेंत वायूंच्या कणगतीवर निबंध लिहिला. त्यामागून मॅक्सवेल आला, आणि हा विषय त्या दोघांच्या नांवांनीं गाजूं लागला. वॉटरस्टन इतर विषयांवर लिहीत राहिला. १८७८ सालीं ज्योतिषाच्या एका सभेनेंही त्याचे दोन निबंध नाकारले, तेव्हां त्यानें तिच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. १८ जून १८८३ रोजीं तो एडिंबरोंतील आपल्या घरून बाहेर पडला, तो पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.

यानंतर आठ वर्षांनीं लॉर्ड रॅले वॉटरस्टनचा ध्वनीवरील १८५८ सालचा एक लेख वाचीत होता. त्यांत त्या जुन्या निबंधाचा निर्देश होता. रॅले त्या वेळीं रॉयल सोसायटीचा चिटणीस, तेव्हां दप्तरखाना त्याला मोकळा होता. निबंध जेथें ठेवला होता तेथेंच सांपडला. रॅलेनें तो छापविला, प्रस्तावना लिहिली, आणि तो वेळेवर न छापल्यामुळें या शास्त्राची दहा-पंधरा वर्षें फुकट गेलीं असावींत असें स्पष्ट कबूल केलें. संस्थेच्या चिटणीसानें संस्थेचाच दोष तिच्याच नियतकालिकांत छापावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच प्रस्तावनेंत त्यानें तरुण लेखकांस असाही उपदेश केला आहे कीं, मोठी झेप घेण्यापूर्वीं मर्यादित व सहज पारखतां येईल अशा कामानें विद्वानांची मान्यता मिळवावी. व्यवहार म्हणून हें ठीक असेल. पण चुकलें परीक्षकांचें आणि कानउघाडणी लेखकाची, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. सोसायटीचा तो मालकीचा नियम न्यायाचा होता कीं नाहीं, याविषयीं उपदेशांत चकार शब्द नाहीं. पुढें १९२८ सालीं जे. एस्. हॉल्डेन यानें वॉटरस्टनचे सर्व निबंध चरित्रासह प्रसिद्ध केले, तेव्हां त्यानें सोसायटीला इतकें सोपें जाऊं दिलें नाहीं; तिच्या दीर्घ इतिहासांत याहून घातक चूक बहुधा दुसरी झालेली नसेल, अशा आशयाचें त्यानें लिहिलें.

अलीकडे संपादकांच्या व परीक्षकांच्या कर्तव्यांची चर्चा पुष्कळ होते. इंग्लंडांतील कांहीं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीं १९९७ सालीं प्रकाशननीतीसाठीं एक समितीच स्थापिली. आलेल्या हस्तलिखिताचा परीक्षकानें स्वतःसाठीं उपयोग करूं नये, तें गुप्त ठेवावें, मत देतांना लेखकाचा उपमर्द करूं नये, असे नियम आतां लेखी आहेत; आणि निबंध नाकारला गेला कीं तो दुसरीकडे धाडण्यास लेखक मोकळा असतो.

‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा १८९२ सालचा खंड उघडला तर त्यांत हा निबंध सांपडतो. दाखल झाल्याची तारीख ११ डिसेंबर १८४५, वाचल्याची तारीख ५ मार्च १८४६, हें सर्व तेथें रीतसर छापलेलें आहे.