रस्टच्या वेशीवरचा बोर्स

नेटस्केप कंपनीने 31 मार्च 1998 रोजी आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला आणि त्यातून मोझिला हा ओपन सोर्स प्रकल्प उभा राहिला, तेव्हा टिंडरबॉक्स नावाची यंत्रणा त्याच्या दिमतीस होती. ताज्या कोडपासून चालता प्रोग्राम तयार होतो की नाही हे ती अखंड तपासत असे आणि निकाल हिरव्या-लाल तक्त्यात मांडत असे. तक्ता लाल झाला, की नवे बदल थांबवून दोषी बदल हुडकण्याचे काम ‘शेरीफ’ म्हणवणाऱ्या माणसाकडे येई. बिघाड कळे, पण तो कोडमध्ये शिरल्यानंतर.

हा क्रम उलटवणारा नियम मोझिलाच्या आश्रयाने घडलेल्या रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे जनक ग्रेडन होअर यांनी त्या भाषेच्या प्रकल्पात आणला. सर्व चाचण्या उत्तीर्ण होणारा कोडच मुख्य शाखेत, म्हणजे प्रकल्पाच्या अधिकृत प्रतीत, असावा, हा तो नियम. त्याचे श्रेय मात्र त्यांनी सिग्नस-रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीतील बेन एलिस्टन आदी जुन्या सहकाऱ्यांना दिले आहे. नियम साधा, पण घाईत असलेल्या माणसांच्या हातून तो पाळला जाणे कठीण, म्हणूनच 2013 मध्ये होअर यांनी ‘बोर्स’ हा बॉट, म्हणजे स्वतःच्या खात्यातून ठरलेली कामे आपोआप करणारा प्रोग्राम, लिहिला.

परीक्षकाने बदल वाचून ‘आर प्लस’ अशी संमती नोंदवली, की बोर्स तो बदल मुख्य शाखेच्या त्या क्षणीच्या रूपाशी बाजूला जोडून पाहतो आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरच आत घेतो. ही जोडणी महत्त्वाची, कारण एकाने एखाद्या फंक्शनचे नाव बदलले आणि दुसऱ्याने त्याच वेळी जुन्या नावाने ते वापरले, तर दोन्ही बदल वेगवेगळे निर्दोष असूनही एकत्र येताच कोड मोडतो, आणि हा दोष कोणाही एका परीक्षकाच्या नजरेस पडण्याजोगा नसतो.

पुढे मूळ प्रोग्रामची जागा ‘होमू’ या नव्या प्रोग्रामने घेतली, तरी खात्याचे नाव बोर्सच राहिले. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने तर 2023 मध्ये संमत बदल असे एकामागून एक तपासून आत घेणारी रांग स्वतःच्याच सेवेत खुली केली. एकेका बदलाच्या चाचण्यांना काही तास लागत असल्याने रस्टची रांग मात्र लांबत गेली, आणि त्यावर ‘रोलअप’चा, म्हणजे अनेक किरकोळ बदल एकत्र बांधून एकदाच तपासण्याचा, उपाय निघाला. त्या मोळीत कोणते बदल निर्धोकपणे घालावेत, ही निवड मात्र प्रकल्पातील माणसेच करत आली आहेत.