रिकामं भांडं परत जात नाही

शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं, तर ती वाटी धुऊन तशीच परत द्यायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जपानी घरांतही हीच रीत आहे आणि तिला एक खास नाव आहे: ओउत्सुरी. ज्या डब्यातून भेट आली, त्या डब्यातून जाताना काहीतरी जातंच. मोठ्या भेटीच्या उत्तरादाखल द्यायची ती ओकाएशी, म्हणजे परतीचा आहेर. कुणाच्या घरी जाताना हातात न्यायची ती तेमियागे. आणि ही तेमियागे पुढे करताना यजमानाला म्हणायचं असतं, ‘अगदीच क्षुल्लक आहे, पण...’ आपलं ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतात तसंच.

टोकियोच्या कोमाबा भागात ‘निहोन मिंगेइकान’ नावाचं संग्रहालय आहे. मिंगेइ म्हणजे सामान्य माणसांनी सामान्य माणसांच्या रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू. 1936 साली उघडलेल्या या संस्थेचा प्रवास पाहताना मला तो अशा भेटींचा आणि परतभेटींचा प्रवास वाटत आला आहे. तिची सुरुवातच एका तेमियागेतून झाली.

त्याच्याही आधीची एक देवाणघेवाण सांगायला हवी. 1910 साली टोकियोतल्या काही तरुण लेखकांनी ‘शिराकाबा’ नावाचं मासिक काढलं. बहुतेक सगळे सरदार-उमरावांच्या मुलांसाठी काढलेल्या गाकुशूइन शाळेत शिकलेले, आणि युरोपातल्या नव्या कलेनं भारावलेले. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच शिल्पकार रोदँवर विशेषांक काढला आणि त्याला जपानी लाकडी ठशांची तीस उकियो-ए चित्रं पाठवली. रोदँनं परतभेट म्हणून स्वतःची तीन लहान ब्राँझशिल्पं धाडली. 1911 च्या अखेरीस ती जपानला पोचली. ती जपून ठेवण्याचं काम या मंडळींतल्या यानागी मुनेयोशीकडे आलं. पुढे जग त्याला सोएत्सु या नावानं ओळखू लागलं.

1914 साली पंचवीस वर्षांचा यानागी नवविवाहित पत्नी कानेकोबरोबर टोकियोजवळच्या आबिको गावी तळ्याकाठी राहायला गेला. तिथे आसाकावा नोरिताका नावाचे एक गृहस्थ रोदँची शिल्पं पाहायला आले. जपानच्या ताब्यातल्या कोरियात, सोलमध्ये ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि शिल्पकलेचा त्यांना ध्यास होता. अनोळखी घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यांनी कोरियाहून एक भांडं आणलं होतं. पांढऱ्या चिनी मातीचं, बाजू पैलूदार कापलेल्या, अंगावर निळ्या रंगात शरदातलं गवत रेखलेलं. जोसन राजवटीच्या काळातलं. आणि पुरतं भांडंही नव्हे. दुधी भोपळ्याच्या घाटाच्या सुरईचा तो नुसता खालचा भाग होता. वरचा केव्हाच फुटून गेला होता.

‘क्षुल्लक’ म्हणून पुढे केलेल्या या अर्ध्या भांड्यानं यानागीच्या डोळ्यांची दिशाच बदलली. तोवर तो पश्चिमेकडे पाहत होता. 1916 मध्ये तो कोरियाला गेला आणि मग वारंवार जात राहिला. नोरिताकांचा धाकटा भाऊ ताकुमी तिथे वनखात्यात काम करत असे. तो कोरियन भाषा बोलायचा, कोरियन कपडे घालायचा, आणि तिथल्या साध्या मेजांची, भांड्यांची नावं टिपून ठेवायचा. 1919 साली कोरियातला स्वातंत्र्याचा उठाव जपानी सत्तेनं चिरडला, तेव्हा यानागीनं जपानी वृत्तपत्रात कोरियन लोकांच्या बाजूनं लिहिलं. 1922 मध्ये सोलच्या राजवाड्याचं ग्वांगह्वामुन हे महाद्वार पाडायचं ठरलं, तेव्हाही त्यानं जाहीर विरोध केला. ते द्वार पाडलं गेलं नाही, दुसरीकडे हलवलं गेलं. कानेको उत्तम गायिका होती. तिनं कोरियात मैफली करून पैसा उभा केला आणि 1924 साली सोलच्या ग्योंगबोक राजवाड्याच्या एका दालनात कोरियन लोककलेचं संग्रहालय सुरू झालं. त्यातल्या वस्तू कोरियातच राहाव्यात हा यानागीचा आणि आसाकावा बंधूंचा आग्रह होता. कोरियन कलेतलं सौंदर्य दुःखातून आलं आहे, हे यानागीचं म्हणणं पुढे कोरियन अभ्यासकांना खटकलं. राज्यकर्त्यांच्या देशातल्या माणसानं आपल्याला दुःखाचं लेबल लावावं, हा त्यांचा राग मला रास्त वाटतो. पण वस्तू जिथल्या तिथे ठेवण्याची त्याची धडपडही तितकीच खरी होती.

1923 च्या महाभूकंपानंतर यानागी क्योतोला गेला. तिथे दर महिन्याच्या 21 तारखेला तोजी मंदिराच्या आवारात आणि 25 तारखेला कितानो देवळापाशी बाजार भरतो, आजही भरतो. भल्या पहाटे जायचं, जुनी भांडी, कापडं, दिवे उलथेपालथे करायचे, हा त्याचा नेम झाला. या बाजारातल्या बायका अशा मालाला ‘गेतेमोनो’ म्हणत. हलका माल, रोजच्या वापराचा. यानागीला हा शब्द आवडला, पण लोक त्याचा भलताच अर्थ घेऊ लागले. तेव्हा 1925 च्या डिसेंबरात तो आणि त्याचे कुंभार मित्र हामादा शोजी व कावाई कान्जिरो असे तिघं मोकुजिकी या भटक्या भिक्षूनं कोरलेल्या लाकडी मूर्ती शोधत किई द्वीपकल्पात फिरत असताना त्यांनी नवा शब्द घडवला: मिंगेइ. सामान्य जन आणि कारागिरी यांच्या जपानी शब्दांतलं एकेक अक्षर जोडून. एप्रिल 1926 मध्ये संग्रहालयाचं उद्दिष्टपत्रक छापून निघालं. त्यावर या तिघांबरोबर कुंभार तोमिमोतो केन्किची यांचंही नाव होतं.

पत्रक निघालं, पण संग्रहालय उभं राहायला दहा वर्षं गेली. मधल्या काळात यानागीनं आपला संग्रह टोकियोच्या शाही संग्रहालयाला देऊ केला. तिथून नकार आला. आज वाटतं, तो नकार पथ्यावरच पडला. राजेरजवाड्यांच्या वस्तूंच्या शेजारी या वाट्या-ताटल्या कोपऱ्यातच गेल्या असत्या. दरम्यान 1931 मध्ये ‘कोगेइ’ हे मासिक सुरू झालं. त्याचा कागद हातबनावटीचा, आणि पहिल्या वर्षाची मुखपृष्ठं सेरिझावा केइसुके यांनी ठसेकामानं रंगवलेल्या कापडाची. अंक हाती घेतला की मजकूर वाचण्याआधीच विषय बोटांना कळावा, अशी ती योजना.

मग 1935 मध्ये ती भेट आली. कुराशिकी गावचे सूतगिरणीवाले ओहारा मागोसाबुरो यांनी इमारतीसाठी एक लाख येन देऊ केले. यापूर्वी 1930 साली आपल्या गावात पाश्चात्त्य चित्रांचं ओहारा संग्रहालय उभारणारे तेच हे गृहस्थ. कुराशिकी हे ओकायामा प्रांतातलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानात जाणाऱ्यांना ओकायामा हे नाव ओळखीचं असेल, कारण ती बाग त्याच प्रांतातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे.

24 ऑक्टोबर 1936 रोजी मिंगेइकानची दारं उघडली. यानागी पहिला संचालक. इमारतीचा आराखडाही मुख्यतः त्याचाच: ओया दगडाच्या भिंती, पांढरा गिलावा, कौलं. बाहेर जोडे काढून सपाता घालायच्या आणि आत शिरायचं. समोर रुंद लाकडी जिना दोन्हीकडे फाकत वर जातो. रस्त्यापलीकडे यानागीचं स्वतःचं घर, त्याला तोचिगीहून हलवून आणलेला दगडी छपराचा लांबलचक दरवाजा. हे घर आता संग्रहालयाचाच भाग आहे.

आत सगळ्यात जाणवतं ते पाट्यांचं वागणं. काळ्या लाखेच्या छोट्या फळीवर शेंदरी अक्षरांत वस्तूचं नाव, गाव, काळ. बस. लांबलचक माहिती नाही. आधी पाहा, मग जाणून घ्या, हा यानागीचा हट्ट होता. कर्त्याचं नाव बहुतेक वस्तूंना नाहीच, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. इथे मला आपल्या पुण्यातले दिनकर केळकर आठवल्यावाचून राहत नाहीत. अडकित्ते, वज्री, समया, घराघरांतल्या दरवाज्यांच्या चौकटी त्यांनी अशाच जमवल्या, लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय केलं आणि तो सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कवी म्हणून त्यांनी घेतलेलं नाव होतं अज्ञातवासी. ज्यांची नावं हरवली त्या कारागिरांची भांडी जमवणाऱ्या माणसाला याहून शोभणारं नाव कुठलं?

मिंगेइकानमध्ये आज सुमारे 17,000 वस्तू आहेत. त्यांतल्या कितीतरी देण्याघेण्याच्या निमित्तानंच जन्मल्या. यामागाता भागातल्या शोनाईची ‘इवाई-बांदोरी’ घ्या. बांदोरी म्हणजे ओझं वाहताना पाठीला लागू नये म्हणून बांधायची गवताची विणलेली पाठगादी. रोजची साधी असते, पण नवरीचं सामान तिच्या सासरी पोचवताना जी बांधायची, तिच्यात रंगीत चिंध्यांची नक्षी गुंफलेली. पाठीवर ओझं आणि ओझ्याखाली ही नक्षी, म्हणजे वाटेत ती कुणाला दिसणारही नाही. दिसो न दिसो, लग्नाच्या सामानाखाली साधं गवत कसं घालायचं, ही त्या गावकऱ्यांची भावना मला फार मोलाची वाटते.

तसेच मोठाले निळे फुरोशिकी, म्हणजे गाठोडं बांधायची चौकोनी कापडं. शंकूसारख्या पिशवीतून तांदळाच्या खळीची रेघ सोडून त्यावर नक्षी काढायची, मग कापड निळीत बुडवायचं, खळ धुतली की रेघा पांढऱ्या उमटतात. लग्नाच्या फुरोशिकीवर करकोचा, कासव, पाइन, बांबू आणि प्लम, आणि घराण्याचं चिन्ह. भेट आत असते, पण आधी दिसतं ते कापड. जपानी भेटीत बांधणीला इतका मान का, हे या कापडांसमोर उभं राहिलं की उमगतं. वेष्टणानंच आधी सांगायचं असतं की प्रसंग कोणता आहे. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर कागदी दोऱ्याची, मिझुहिकीची, गाठ अशी मारतात की ती सुटत नाही, कारण लग्न एकदाच व्हावं. बारशासारख्या पुन्हा पुन्हा यावा अशा आनंदाला सहज सुटणारी फुलपाखरी गाठ. पाकिटाच्या कोपऱ्यातला कागदी नोशी हा मुळात वाळवलेल्या अबालोन शिंपल्याच्या मांसाच्या पट्टीचा अवशेष. एकेकाळी भेटीबरोबर तीच खरी पट्टी जात असे.

आणि ओत्सु-ए. तोकाइदो या महामार्गावर क्योतोच्या अलीकडच्या ओत्सु गावात सतराव्या शतकापासून वाटसरूंना विकली जाणारी झटपट रंगवलेली चित्रं. घरी न्यायची स्वस्त आठवण, आपल्या पंढरपूरच्या वारीहून आणलेल्या चुरमुऱ्या-बत्ताशांसारखी. भिक्षूची वस्त्रं घालून नामजप करणारा राक्षस हे त्यातलं सर्वांत लाडकं चित्र. चित्रकारांची नावं माहीत नाहीत. मिंगेइकानला यांचा समृद्ध संग्रह लाभला आहे.

1938 पासून यानागी ओकिनावाला जाऊ लागला. तिथल्या बिंगाता कापडांइतकाच तो तिथल्या बोलीवर लुब्ध झाला, आणि 1940 मध्ये प्रमाण जपानी लादण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध उघड बोलला. वाद पेटला. पाच वर्षांत युद्धानं ओकिनावा होरपळून काढलं. तिथली कापडं, भांडी, देवळं जळाली. कोमाबाची इमारत टोकियोवरच्या बाँबवर्षावातून वाचली आणि तिथे आणून ठेवलेली ओकिनावाची वस्त्रंही वाचली.

यानागी 3 मे 1961 रोजी गेला. त्यानंतर हामादा शोजी संचालक झाले, मग यानागीचा मुलगा सोरी. फुलपाखराच्या पंखांसारखं प्लायवुडचं स्टूल घडवणारा हा प्रसिद्ध डिझायनर. पुढे उद्योजक कोबायाशी योतारो आणि 2012 पासून डिझायनर फुकासावा नाओतो. वाढत्या संग्रहासाठी 1982 मध्ये नवं दालन बांधलं गेलं, तेव्हा 1936 चं मोठं प्रदर्शन-दालन मोडीत न काढता तोयोता शहराला दिलं गेलं. तिथे ते पुन्हा उभारून 1983 साली तोयोता शहराचं लोककला संग्रहालय सुरू झालं. वास्तूच भेट म्हणून गेली! कोमाबाच्या इमारतीचं मोठं नूतनीकरण 2021 मध्ये पार पडलं.

एक प्रश्न मात्र संस्थेच्या पाठीशी कायम राहिला. अनाम कारागिरांचा गौरव करणाऱ्या या चळवळीतले कुंभार स्वतःच फार नावाजले गेले. हामादांना 1955 मध्ये जपाननं ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं, आणि त्यांच्या वाटीची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. कावाईंनी असे सन्मान नाकारले. मला कावाईंचा निर्णय जवळचा वाटतो, तरी हामादांच्या माशिको गावात त्यांच्यामुळे कितीतरी भट्ट्या पेटत राहिल्या हेही दृष्टीआड करवत नाही. संस्थेनं यावर काढलेली वाट म्हणजे वर्षअखेरीस भरणारं नव्या कारागिरांचं प्रदर्शन. देशभरातून आलेल्या वाट्या, टोपल्या, कापडं तिथे मांडली जातात आणि विकतही मिळतात. हेच दिवस ओसेइबोचे, सरत्या वर्षाच्या ऋणातून उतराई होण्याच्या भेटीचे. तिथून उचललेली एखादी टोपली कुणाच्या घरी तेमियागे म्हणून पोचत असेल.

आसाकावांनी आणलेलं ते अर्धं भांडं आजही मिंगेइकानच्या संग्रहात आहे. ज्या शिल्पांसाठी ते गृहस्थ आबिकोला आले होते, ती रोदँची तिन्ही ब्राँझ आता कुराशिकीला, ओहारा संग्रहालयात आहेत.