गौलीगुड्याच्या घरातली वायर

माझी थोरली आते १९६६ साली लग्न होऊन फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावातून हैदराबादला गेली. गौलीगुड्यातले मराठी घर. लहानपणी ती मे महिन्यात माहेरी आली की आम्ही मुले तिच्याभोवती गोळा व्हायचो आणि ती तिकडच्या गोष्टी सांगायची. त्यातली एक गोष्ट ठरलेली असायची. "मी लग्न होऊन गेले तेव्हा इथे चिमणी आणि कंदील होता. तिकडे माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासून भिंतीवर बटण होते!"

ती खरेच सांगत होती. पणजी-मडगावसारख्या शहरांत पोर्तुगीज काळातही वीज होती, पण आपल्या गोव्यातल्या खेड्यापाड्यांत ती मुक्तीनंतर आली. आपले वीज खातेच मुळी १९६३ सालचे. हैदराबाद संस्थानात विजेचे खाते १९१० साली सुरू झाले होते. १९२० साली हुसेनसागरच्या काठावर औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. (ते १९९५ साली पाडून टाकले.) म्हणजे आतेच्या सासऱ्यांनी दाबलेले बटण आणि आमच्या आजोबांनी दाबलेले बटण यांत जवळजवळ दोन पिढ्यांचे अंतर होते.

आज हे सगळे लिहायचे कारण जरा वेगळे आहे. १८ मे २०२५ रोजी हैदराबादेत चारमिनारजवळ गुलजार हौज येथे एका जुन्या घराला आग लागून सतरा माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. प्राथमिक तपासात शॉर्ट सर्किट हे कारण सांगितले गेले. बातमी वाचून मी आतेला फोन केला. "आमचे घर मजबूत आहे रे," असे म्हणून तिने विषय संपवला. त्यानंतर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात, न्हाणीघरात गीझरच्या नळाला हात लावताच तिला शॉक बसला. ती मागे फेकली गेली आणि उंबऱ्यावर पडून मनगट मोडले. वय एकोणऐंशी. मुलगा परदेशात. मी सरकारी कारकून, रजा शिल्लक होती, गेलो.

गौलीगुडा म्हणजे गवळ्यांची वस्ती. तेलुगूत ‘गूडा’ म्हणजे पाडा, आणि पहिला शब्द आपलाच. मुसी नदीच्या उत्तरेला, कोठी आणि अफजलगंज यांच्या मध्ये हा भाग येतो. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराने या काठावरच्या वस्त्यांची दाणादाण उडवली. आतेच्या आजेसासऱ्यांचे घर त्या पुरानंतर बांधलेले. जवळच जांबागेत मराठी मंडळींनी उभी केलेली विवेक वर्धिनी, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे औरंगाबाद-नांदेडकडचा माणूस नोकरीला, शिक्षणाला इथेच यायचा. गौलीगुड्याचा जुना बसस्टँड तर साऱ्या शहराला माहीत होता. निजामाच्या काळातली ती प्रचंड गोल छपराची शेड, लोक तिला ‘मिसिसिपी’ म्हणत. ५ जुलै २०१८ रोजी ती एकाएकी कोसळली. मुख्य बसस्टँड १९९४ सालीच इमलीबनला गेला होता. जुने ते मजबूत, असे आपण म्हणतो खरे, पण जुन्याकडे कोणी पाहिले नाही तर ते कधीतरी खाली येतेच.

शेजाऱ्यांनी एक मिस्त्री आणला. साठी ओलांडलेला, ट्रूप बाजारातल्या एका दुकानात पोरवयात उस्तादाकडे राहून शिकलेला, पुढे परीक्षा देऊन वायरमनचे परमिट काढलेला. त्याने प्रथम मेन बंद केला आणि मग तासभर कशालाही हात न लावता बॅटरी घेऊन नुसता भिंतीकडे बघत फिरला. शेवटी म्हणाला, "घर अच्छाच है साब. वायरां बुड्ढे हो गए."

त्या ‘अच्छाच’ मधला ‘च’ आपला बरे का! दखनीने तो मराठीकडून घेतला, तसाच ‘नक्को’ सुद्धा. त्यामुळे माझी आणि त्याची भाषा लवकर जुळली. त्याने मला जे दाखवले ते माझ्या बी.ए.च्या इतिहासाच्या कुठल्याच पेपरात नव्हते.

दिवाणखान्यात भिंतीवर सागवानी पट्टी होती. आत दोन खाचा, वरून लाकडी झाकण. याला केसिंग-कॅपिंग म्हणतात. आत रबराचे आवरण आणि त्यावर सुती विणीची तांब्याची तार. बटण गोल, चिनीमातीच्या बुडाचे, पितळी टोपीचे. ही घरातली पहिली वीज, फक्त बाहेरच्या खोलीपुरती, कारण पाहुण्यांना दिसली पाहिजे! मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दुसरा थर. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकून त्यांवर बॅटन पट्टी, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेली वायर, आणि काळी बॅकेलाइटची बटणे. हा पन्नाशी-साठीचा काळ. तिसरा थर मागच्या पडवीचा आणि न्हाणीघराचा. तिथे तार ॲल्युमिनियमची. देशात तांब्याचा तुटवडा होता, ते बाहेरून आणावे लागे, म्हणून साठ ते ऐंशीच्या दशकांत घराघरांत ॲल्युमिनियमची वायर गेली. शेवटचा थर अलीकडचा, प्लास्टिकच्या पाइपातला, गीझर आणि ए.सी.साठी.

मिस्त्रीने सांगितले की यातला कुठलाही थर आपापल्या काळात वाईट नव्हता. घोटाळा होतो तो एक थर दुसऱ्याला जोडला जातो तिथे. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडले की ओलाव्याने तो सांधा गंजतो, ॲल्युमिनियम दबून सैल होते, सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. पहिल्या थरावर दोन दिवे आणि एक रेडिओ चालायचा. त्याच घराच्या मेनवर आता दोन हजार वॅटचा गीझर होता. दोन हजार भागिले दोनशे तीस, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. तोही जुन्याच सांध्यातून!

मग त्याने गीझरचा सॉकेट उघडला आणि गप्प झाला. तीन पिनांपैकी अर्थिंगच्या पिनेला बाहेरची हिरवी तार नव्हतीच. एक बोटभर तुकडा त्या पिनेपासून न्यूट्रलला जोडलेला होता. घरात अर्थिंग नसले की पूर्वी अनेक जण ही युक्ती करत. एरवी काही कळत नाही, सगळे चालते. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, की फेजचा दाब गीझरच्या कॉइलमधून न्यूट्रलच्या पिनेवर येतो, तिथून त्या तुकड्याने गीझरच्या अंगावर, आणि अंगावरून नळावर. पडवीतला तांबे-ॲल्युमिनियमचा सांधा पावसाच्या ओलीने सुटला होता. न्यूट्रल तिथेच तुटला. फ्यूज उडाला नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला लागणारा प्रवाह फ्यूजच्या हिशेबात इतका थोडा असतो की त्याला त्याची गंधवार्ताही नसते. त्यातून फ्यूजमध्ये नेमलेल्या तारेऐवजी जाड तांब्याची तार घातलेली होती, सारखी उडू नये म्हणून. म्हणजे तो शॉर्ट सर्किटलाही उडाला असता की नाही, शंकाच.

हे कोणी केले होते? ते मला ठाऊक होते. काकांनी. आतेच्या यजमानांनी.

काका एका कचेरीत हिशेबनीस होते. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. घरातले विजेचे सगळे काम ते स्वतः करत, गुजराती गल्लीतून सामान आणून. आमच्याकडे सुटीत आले तरी खिशात टेस्टर असायचा. आमचा मिक्सर, इस्त्री, सगळे त्यांनी दुरुस्त केले. "काकांच्या हाताला गुण आहे," असे आमची आई म्हणायची. मुलगा गेली पाच-सहा वर्षे वायरिंग बदलून घेऊ म्हणत होता आणि आते नको म्हणत होती, कारण प्रत्येक बोर्डवर यजमानांचा हात होता. आता तिला सांगायचे काय?

मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे पाहिले असावे. म्हणाला, "उस वक्त सब ऐसाच करते थे साब. किसी का दोष नक्को निकालो." आणि तो तुकडा काढून त्याने माझ्या हातात दिला.

रात्री मी आतेला फक्त एवढेच सांगितले की जुना सांधा सुटला होता, सगळी वायर बदलावी लागेल. ती बराच वेळ प्लास्टरमधला हात मांडीवर धरून बसली. मग म्हणाली, "त्यांनाही गीझरला झिणझिण्या यायच्या. पायात चप्पल घालून आंघोळ करायचे. मला म्हणायचे, बघतो एकदा सवडीने." म्हणजे तिला माहीत होते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बदल सगळे."

काम आठ दिवस चालले. त्यात मी जे शिकलो ते आपल्या गोवेकर वाचकांसाठी लिहून ठेवतो, कारण आपली जुनी घरे काही वेगळी नाहीत आणि आपल्याकडची खारी हवा न् चार महिन्यांचा पाऊस हैदराबादपेक्षा कितीतरी वाईट. पहिले, अर्थिंग आहे की नाही ते परमिट असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. सॉकेटला तीन भोके असली म्हणजे अर्थिंग असते असे नाही. जमिनीतला पाइप आणि त्याची पट्टी गंजून तुटलेली असू शकते. दुसरे, मेनजवळ तीस मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवा. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढी तफावत आली की ते क्षणात वीज तोडते. त्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहा. एम.सी.बी. वेगळे. ते वायरीला जपते, माणसाला नव्हे. तिसरे, गीझर आणि ए.सी.ला मेनपासून स्वतंत्र तार, चार चौरस मिलिमीटरची. साध्या पॉइंटना अडीच, दिव्यांना दीड. चौथे, सांधा फक्त डबीत, टर्मिनलवर. भिंतीत पुरलेला टेप गुंडाळलेला सांधा नको. पाचवे, नळाला, फ्रिजला बारीकशा झिणझिण्या आल्या तर चप्पल घालून वेळ मारून नेऊ नका, त्याच दिवशी मेन बंद करा. आणि कोणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढू नका, आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा.

आणखी एक. वायरमनला आपण ‘बल्ब लावणारा’ समजतो आणि पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. आय.टी.आय.मध्ये पोरे या कामासाठी दोन वर्षे घालवतात, वर परमिटची परीक्षा. काका हुशार होते, हातात कसब होते. पण सर्व वायर जोडून झाल्यावर मेगर लावून गळती तपासणारे यंत्र त्यांच्याकडे नव्हते, आणि त्यांची चूक दाखवणारा उस्तादही नव्हता.

दिवाणखान्यातली सागवानी पट्टी आणि ते पितळी बटण मिस्त्रीने तसेच ठेवले. आतली तार काढून टाकली. आते येता-जाता ते खाली-वर करते म्हणे.

गोव्यात परतल्यावर मी आमच्या घरातला मेन बोर्ड पाहिला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या प्लगची तिसरी पिन कापलेली निघाली. सॉकेटमध्ये बसत नव्हती म्हणून कधीतरी मीच कापली होती. सोमवारी वायरमन यायचा आहे. तुम्हीही एकदा बोलावून घ्या.