पिंपरीच्या मातीतलं औषध

स्मरणिकेसाठी लिही म्हणून संयोजन समितीतल्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा तिनं आधीच बजावलं, "मधल्या सुट्टीतल्या डब्यावर नको, सगळे त्यावरच लिहितायत." म्हणून मी एच.ए.वर लिहायला घेतलं. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील तिथे होते. भोंगा झाला की किती वाजले ते कळायचं. "माझे बाबा फर्मेंटेशनला आहेत," हे आपण "बँकेत आहेत" इतक्या सहज सांगायचो. तिथे नक्की काय आंबवतात, हे मात्र मी बाबांना दहावीपर्यंत एकदाही विचारलं नाही.

विज्ञानाच्या तासाला फ्लेमिंग शिकलो, ते आठवतं का? बाईंनी फळ्यावर बशी काढली, त्यात जंतूंचे ठिपके काढले आणि बुरशीभोवतीचे ठिपके डस्टरनं पुसून टाकले. १९२८, लंडन, पेनिसिलिन. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. पण तीच बुरशी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मोठमोठ्या टाक्यांत वाढत होती, हे कोणी बोललं नाही. बाईंना दोष देत नाही, पुस्तकातच नव्हतं. हा लेख म्हणजे त्या धड्याची राहिलेली पुरवणी समजा.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन जगभर पोचलं, पण भारताला ते बाहेरून विकत घ्यावं लागे. आपल्याकडेच ते बनावं म्हणून धडपडणाऱ्यांत मेजर जनरल साहिबसिंग सोखी होते. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे हे संचालक. (नर्तकी मेनका यांचे हे पती. खंडाळ्याला मेनकाबाईंची नृत्यशाळा होती. औषध आणि नृत्य एका घरात, ही माहिती मला फार आवडली.) जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. पिंपरी तेव्हा पवनेकाठचं खेडं होतं. आजच्या उद्योगनगरीची सुरुवात या कारखान्यापासून धरतात.

काम दिसायला सोपं, करायला महाकठीण. टाकीत साखर आणि मक्याच्या अर्काचं पाणी, त्यात बुरशीचं विरजण, खालून सतत हवा. ती हवा पूर्ण निर्जंतुक हवी. एक परका जंतू शिरला तर अख्खी टाकी गटारात. बाबा रात्रपाळीहून आल्यावर कधी कधी फक्त "आज गेली" एवढंच म्हणायचे आणि आई चहा ठेवायची. कोण गेली, हे मला खूप वर्षांनी कळलं.

पण मला सांगायचं आहे ते त्यापुढचं. या कारखान्यात संशोधन विभागही होता आणि तिथे एम. जे. तिरुमलाचार नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे बुरशीशास्त्रज्ञ, पिकांवरच्या तांबेरा आणि काणी रोगांचे अभ्यासक. त्यांच्या विभागानं मातीचे नमुने आणून त्यातले सूक्ष्मजीव वेगळे करायला घेतले. प्रत्येकाला बशीत वाढवायचं, तो आसपासच्या रोगजंतूंना मारतो का ते बघायचं, नाही मारलं तर पुढचा. आमच्या धंद्यात याला ब्रूट फोर्स म्हणतात आणि जरा नाक मुरडूनच म्हणतात. पण प्रतिजैविकांच्या शोधात त्या काळी याहून चांगला रस्ता नव्हता.

त्यातून स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जंतू हाती लागला. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, तो याच कुळाची करणी. हा जंतू जे रसायन तयार करी, ते बुरशी मारणारं होतं. १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं. आणि जंतूचं शास्त्रीय नाव, ऐका हं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं लॅटिन झालं! न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या बुरशीनाशकाला त्या राज्यावरून निस्टॅटिन नाव मिळालं होतं, त्याच पंगतीला आपलं गाव बसलं. हॅमायसिनची माहिती छापून आली तीही पिंपरीहूनच निघणाऱ्या 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी शरीरात खोल पसरणाऱ्या बुरशीच्या आजारांवर ते वापरून पाहिलं.

ते एकटं नव्हतं. ऑरिओफंजिन हे पिकांच्या रोगांसाठीचं औषध इथलंच. १९६८ मध्ये अँटिअमिबिन जाहीर झालं, ते बनवणाऱ्या एका बुरशीचं नाव पूनेन्सिस, दुसरीचं पुन्हा पिंप्रिना.

मग हॅमायसिन जगभर का गेलं नाही? शरीरात पसरलेल्या बुरशीसाठी डॉक्टरांनी अँफोटेरिसिन बी स्वीकारलं. तेही मातीतलंच, फक्त व्हेनेझुएलाच्या. हॅमायसिन मुख्यतः तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या बुरशीसारख्या वरवरच्या संसर्गापुरतं उरलं. औषध सापडणं ही पहिली पायरी. त्याचं विषारीपण कमी करणं आणि देशोदेशी चाचण्या घेणं याला जो पैसा आणि चिकाटी लागते, ती एका सरकारी कारखान्याच्या खिशात नव्हती, असं मला वाटतं.

पुढे देशाचा रस्ताही बदलला. १९११ च्या कायद्यात औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे. १९५९ च्या अय्यंगार अहवालानंतर बऱ्याच उशिरानं १९७० चा कायदा आला आणि १९७२ मध्ये लागू झाला. त्या कायद्यात औषधाचं पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे, तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. म्हणजे तोच रेणू दुसऱ्या वाटेनं बनवा आणि विका. आपले रसायनशास्त्रज्ञ या दुसऱ्या वाटा शोधण्यात वाकबगार झाले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं पेनिसिलिनची शेपटी विकरानं कापून गाभा मोकळा करण्याची पद्धत बसवली, ती एच.ए.मध्ये वापरात आली. त्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन. दारातल्या सदाफुलीपासून कर्करोगाची औषधं काढण्याचं कामही याच प्रयोगशाळेतलं. २००१ मध्ये सिप्लानं एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, ती याच कसबावर. तेव्हा परदेशी कंपन्यांचा दर १० हजार डॉलरच्या वर होता. हे लहान काम नव्हे. तरी नवा रेणू शोधणं मागे पडलं, याची रुखरुख मला वाटते.

आता एक घरचीच गोष्ट, तिची परवानगी घेऊन लिहिते. आपल्या 'ब' तुकडीतली एक मैत्रीण पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसून असायची. आपण तिला चिडवायचो, मीही. तिला संधिवाताचा ताप येऊन गेला होता. घसा दुखण्याचं साधं निमित्त, पण त्या जंतूशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयाच्या झडपांवर उलटते. पुन्हा होऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. पांढरी पूड, त्यात पाणी, जाड सुई. दोन दिवस नीट बसता यायचं नाही. ते तिनं वर्षानुवर्षं घेतलं. त्या बाटलीवर कोणत्या कंपनीचं नाव होतं, तिला आठवत नाही. पेनिसिलिन स्वस्त होतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं, एवढंच आठवतं. घशाचा तो जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो.

१९९७ मध्ये एच.ए. आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली. चीनहून इतकं स्वस्त पेनिसिलिन येऊ लागलं की देशातले कारखाने ते आंबवणंच सोडून बसले. पुढे बेंझाथिन पेनिसिलिनचा अनेक देशांत तुटवडा झाला. २०२० मध्ये सरकारनं देशात पुन्हा पेनिसिलिन बनवायला प्रोत्साहन योजना काढली. ज्या गोष्टीपासून १९५५ मध्ये सुरुवात केली, तिथेच.

लेख लिहिताना बाबांना विचारलं, "हॅमायसिन आठवतं का?" म्हणाले, "आठवतं म्हणजे काय? पिवळी पावडर. कपड्यांना लागली की तुझी आई ओरडायची." मग बराच वेळ टाक्यांबद्दल बोलत राहिले. मी ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आहे.

ज्यांचे आईवडील संशोधन विभागात होते, त्यांनी मेळाव्याला येताना घरातले जुने फोटो आणि माळ्यावर पडलेले बुलेटिनचे अंक आणा. मी स्कॅनर घेऊन येते आहे. बाबाही यायचं म्हणतायत.